मास्तर कशाला उत्तर देत होते

(न्यायमूर्तींचं दालन, दुपारची सुट्टी. मॅडम म्हणजे न्यायमूर्ती. पूर्वी आमदार होत्या; समोर त्या काळचा सभागृहाचा छापील वृत्तांत. स्टेनो म्हणजे त्यांचा लघुलेखक. मामा म्हणजे दालनाचे शिपाई.)

मॅडम : पुन्हा वाचा. माझं भाषण संपतं तिथपासून.

स्टेनो : 'समाजाची तयारी झाल्याशिवाय असा कायदा आणणं ही घाई होईल, एवढंच मला म्हणायचं आहे.' इथे तुमचं संपलं. मग मास्तर उभे राहिले.

मॅडम : हं. आणि मास्तर काय म्हणाले?

स्टेनो : 'असतात, ताई. दारातून आत येऊ दिलंत तर दिसतील.'

मॅडम : आता मला सांगा, मी म्हणतेय घाई होईल आणि मास्तर म्हणतायत असतात. कोण असतात? काय असतात? कशाचा कशाला मेळ आहे?

स्टेनो : मास्तरांचं बोलणं कधीकधी आडवळणाचं असायचं.

मॅडम : मास्तरांचं? तीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस तो. विचारलं त्याच्याबाहेर अक्षर बोलायचा नाही. विरोधी बाकावर होते, पण सबंध सभागृहात माझं भाषण ऐकणारे ते एकटेच. आमचे लोक तर डुलक्या काढायचे. तुम्हीच होतात ना त्या दिवशी खाली टेबलाशी?

स्टेनो : होतो. पाळीपाळीने बसायचो आम्ही, दहा-दहा मिनिटं.

मॅडम : मग?

स्टेनो : चौदा वर्षं झाली, मॅडम.

मॅडम : तेही खरंच. मलाच आठवत नाही तर तुम्हाला कुठून आठवणार? दिवसाला चार भाषणं ठोकायचे तेव्हा. कायदा पडला एवढं आठवतं, आणि पायात नवीन चप्पल चावत होती. पण अर्जदाराची ही वकील पोरगी हुशार आहे हं. बघा, माझ्या भाषणाखाली रेघ मारलेली नाही, मास्तरांच्या उत्तराखाली मारलीय. अर्जात म्हणते, उत्तर छापलंय, पण ते कशाचं उत्तर आहे ते छापलेलं दिसत नाही. न्यायमूर्तींनी आमदार असताना या लोकांच्या हक्काला विरोध केला, नक्की काय शब्दांत केला ते कळत नाही, म्हणून त्यांनी हा खटला ऐकू नये.

मामा : येऊ का मॅडम? चहा तसाच राहिला. दुसरा आणू?

मॅडम : नको मामा. गार चालेल. बाहेर काय चाललंय?

मामा : काय चालायचंय? तीन वकील आहेत, तिघं तीन दिशांना फोनवर बोलतायत. आणि तो म्हातारा, बेकरीवाला, बाकावर बसलाय सकाळपासून. पाठ म्हणून टेकत नाही. मला पावांची पिशवी पुढे करत होता. म्हटलं, बाबा, इथे कुणाचं काही घेतलं तर माझी नोकरी जाईल. तर म्हणतो, मग वास तरी घ्या, पहाटेचे आहेत.

मॅडम : घेतला का?

मामा : घेतला की. वासाला काय कायदा लागू होतो? पण मॅडम, त्याचं म्हणणं तरी काय आहे? वकील बोलतात ते माझ्या डोक्यावरून जातं.

मॅडम : त्याच्या बेकरीतला भागीदार आहे ना, त्याला अर्धांगवायू झाला. दोघं छत्तीस वर्षं एका घरात राहिले. पुतण्या आला आणि त्या आजाऱ्याला उचलून शुश्रूषागृहात घेऊन गेला. तिथे भेटणाऱ्यांच्या यादीत फक्त नातेवाईकांची नावं असतात. याचं नाव नाही. यादीत नाव घालून द्या, एवढं म्हणतोय तो.

मामा : एवढंच?

मॅडम : एवढंच.

मामा : यादीत एक नाव घालायला तीन वकील! बरं, मी बाहेर आहे. अडीचला दहा मिनिटं असताना आवाज देतो.

मॅडम : दार लोटून घ्या. हं, घ्या लिहायला. आधी हा अर्ज निकालात काढू, मग मूळ खटला. 'अर्जदाराच्या वतीने असा आक्षेप घेण्यात आला, की प्रस्तुत न्यायमूर्तींनी विधिमंडळाच्या सदस्य असताना समलिंगी व्यक्तींच्या नातेसंबंधांना मान्यता देणाऱ्या विधेयकास विरोध केला होता.' झालं?

स्टेनो : झालं.

मॅडम : 'विरोध केला ही वस्तुस्थिती आहे. तथापि सदस्याने सभागृहात मांडलेलं मत आणि न्यायाधीशाने न्यायासनावरून केलेला न्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रस्तुत न्यायमूर्तींनी यापूर्वी दोन स्त्रियांच्या भाडेकराराच्या प्रकरणात त्यांच्या बाजूने निकाल दिलेला आहे.' संगीतशिक्षकाचं प्रकरण घालू?

स्टेनो : ते त्यांच्या विरोधात गेलं होतं, मॅडम. त्याला शाळेत परत घेतलं नाही.

मॅडम : ते तांत्रिक कारणाने. अर्जच मुदतीत नव्हता त्याचा.

स्टेनो : हो. निकालाची सतरा पानं होती.

मॅडम : राहू द्या ते. पुढे घ्या. 'सभागृहाचा अधिकृत वृत्तांत बारकाईने वाचला असता त्यात प्रस्तुत न्यायमूर्तींच्या तोंडी कोणाच्याही मनाला लागेल असा एकही शब्द आढळत नाही.' अहो, घेतलं का? तुमचं पेन का थांबलं? बारा वर्षांत तुमचं पेन थांबलेलं मी पाहिलं नाही. माझी उचकी लागली तरी तुम्ही लिहीत असता. बरं वाटत नाहीये का?

स्टेनो : बरं आहे.

मॅडम : मग लिहा की.

स्टेनो : होता, मॅडम.

मॅडम : काय होता?

स्टेनो : शब्द. म्हणजे वाक्य होतं एक. तुम्ही बोललात आणि मी काढलं.

मॅडम : काढलं म्हणजे?

स्टेनो : वृत्तांतातून काढलं. भाषण टाईप करून सदस्याकडे दुरुस्तीला जायचं. सदस्याने सहापर्यंत येऊन बघायचं, नाहीतर जसं आहे तसं मुद्रणालयात. त्या दिवशी तुम्ही आला नाहीत. कायदा पडला म्हणून पक्षाची मेजवानी होती. सहा वाजले, मी पान गठ्ठ्यातून काढलं, यंत्रात नवीन घातलं आणि ते वाक्य सोडून बाकी सगळं टाईप केलं. मास्तरांचं भाषण पुढच्या पानावर होतं, ते दुसऱ्याच्या पाळीतलं. त्याच्याकडे माझं लक्ष गेलं नाही. उत्तर राहून गेलं.

मॅडम : थांबा. तुम्ही सभागृहाच्या वृत्तांतात फेरफार केलात?

स्टेनो : केला.

मॅडम : आणि मला आज सांगताय? मी आदेश लिहायला बसल्यावर?

स्टेनो : तुम्ही आजपर्यंत विचारलं नाहीत.

मॅडम : अहो, मी तुम्हाला सभागृहातून इथे मागून घेतलं ते कशासाठी? म्हटलं, हा माणूस स्वल्पविरामसुद्धा इकडचा तिकडे करत नाही! आणि तुम्ही... मला वाचवायला केलंत का? कुणी सांगितलं होतं? पक्षातून कुणी आलं होतं?

स्टेनो : नाही. तुमच्यासाठी नाही केलं, मॅडम.

मॅडम : मग कुणासाठी?

स्टेनो : मुद्रणालयात मुद्रितं तपासणारे पाच जण होते. विधिमंडळाची पानं खिडकीजवळच्या टेबलावर जायची. त्या टेबलावर जो बसायचा त्याच्याबरोबर मी राहत होतो. सकाळी दहाला ते पान त्याच्या हातात पडणार होतं. म्हणून.

मॅडम : राहत होतात म्हणजे?

स्टेनो : एकतीस वर्षं.

मॅडम : ते तुमचे मावसभाऊ ना? तुम्ही एकदा म्हणाला होतात, मावसभावासोबत राहतो म्हणून.

स्टेनो : सगळ्यांनाच तसं सांगत होतो. घरमालकाला, शेजाऱ्यांना, तुम्हाला. सवय होते सांगायची. नंतर त्याच्या बहिणीची मुलंही मला मावसमामा म्हणायची.

मॅडम : मला कधी... असो. मी तरी कधी विचारलं! मग त्यांना कळलं का?

स्टेनो : दुसऱ्याच दिवशी. संध्याकाळी घरी आला, चप्पल काढायच्या आधी विचारलं, काय काढलंस? म्हटलं, कुठे काय? म्हणाला, मास्तर हवेशी बोलतायत, काय काढलंस ते सांग. त्याच्यापुढे काही लपायचं नाही. दुधाच्या पिशवीवरची चूकसुद्धा पेनाने दुरुस्त करून मग दूध तापवायचा. औषधाच्या बाटलीवरचं वाचून कंपनीला पत्रं लिहायचा, उत्तरं यायची नाहीत, तरी लिहायचा.

मॅडम : सांगितलंत?

स्टेनो : नाही. मग त्याने खेळ केला त्याचा. जेवताना अंदाज बांधायचा. 'यांच्यात चांगली माणसं नसतात' असं म्हणाल्या का? म्हटलं, नाही. 'यांना आईबाप नसतात' असं म्हणाल्या का? नाही. 'लाज नसते' म्हणाल्या? तेही नाही. वर्षभर चाललं होतं. भात वाढता वाढता मध्येच विचारायचा. एकदाही जवळपास आला नाही. तेवढं सुचायचं नाही त्याला.

मॅडम : आता सांगा मला.

स्टेनो : काय?

मॅडम : मी काय म्हटलं होतं ते. चौदा वर्षं तुमच्यापाशी आहे, आठवत नाही म्हणू नका.

स्टेनो : 'अशा घरात कुणी गेलं तर मागे रडणारंसुद्धा कुणी नसतं, अध्यक्ष महाराज. मग नातेवाईकाचा हक्क मागणार तरी कोण?' त्याच्यापुढे कंसात हशा होता. तोही काढला.

मॅडम : हं.

स्टेनो : पाणी देऊ?

मॅडम : नको. माझंच आहे. ऐकलं आणि ओळखलं. आवाजसुद्धा आठवला माझा. त्या दिवशी पक्षाने चिठ्ठी दिली होती हातात, समाजाची तयारी, घाई, वगैरे. हे चिठ्ठीत नव्हतं. हे मी वरून घातलं. बाकं वाजतील म्हणून घातलं आणि वाजली.

स्टेनो : हो. बराच वेळ.

मॅडम : मला खरंच तसं वाटायचं, हे सांगितलं तर तुम्हाला पटेल का? लहानपणी आमच्या गल्लीत असा एक जण होता. शिकवण्या घ्यायचा. तो गेला तेव्हा घरात चार भाऊबंद आले, भराभर उरकलं आणि कपाटं उघडून बसले. डोळ्यांत टिपूस नाही कुणाच्या. मी आठ-नऊ वर्षांची होते, दारातच उभी होते. ते मनात बसलं माझ्या. अशा माणसांना कुणी रडत नाही. त्या दिवशी समोरच्या फुटपाथवर एक माणूस दिवसभर उभा होता, हातात छत्री. आम्हा पोरींना वाटलं विजेचा मीटर वाचायला आलाय.

स्टेनो : हं.

मॅडम : आत्ता आठवला तो. तुमच्या देखत.

स्टेनो : मास्तरांनी तेच सांगितलं होतं.

मॅडम : मास्तरांनी सांगितलं, छापूनही आलं, आणि मी आज विचारतेय कोण असतात म्हणून. आता ते काय म्हणतात, तुमचे... तुम्ही सांगा त्यांना आता. म्हणावं, बाईंनी कबूल केलं.

स्टेनो : तो गेला, मॅडम.

मॅडम : कधी?

स्टेनो : गेल्या महिन्याच्या बावीस तारखेला.

मॅडम : बावीसला तुम्ही रजेवर होतात. चार दिवस. नळाचं काम आहे म्हणून अर्ज होता.

स्टेनो : दुखवट्याच्या रजेला नातं लिहावं लागतं. मावसभाऊ त्यात बसत नाही. नळाला कुणी नातं विचारत नाही.

मॅडम : सही मी केली त्याच्यावर. आणि वर तुम्हाला म्हटलं, चार दिवस लागणारा नळ आहे की धरण?

स्टेनो : हो.

मॅडम : तुम्ही हसला होतात.

स्टेनो : हसलो असेन.

मॅडम : देवा. का नाही सांगितलंत? एका शब्दाने?

स्टेनो : कोणत्या शब्दाने सांगायचं होतं, मॅडम?

मॅडम : मी कुणी परकी होते का?

स्टेनो : माहीत नाही. मला आता राग वगैरे काही येत नाही. खरंच नाही येत. सकाळी उठतो, पाणी भरतो, डबा भरतो, इथे येतो. डब्यात काय होतं ते संध्याकाळी घासताना कळतं. सगळं कसं लांबून ऐकू आल्यासारखं वाटतं. तुम्ही सांगता ते मात्र नीट ऐकू येतं. हाताला सवय आहे.

मॅडम : दवाखान्यात तुम्हीच होतात ना जवळ?

स्टेनो : होतो. तिथेही मावसभाऊच लिहिलं. एकदा कागदावर लिहिलं की मग तेच धरून चालावं लागतं. शेवटच्या दोन दिवसांत त्याने परत विचारलं. म्हणाला, आता तरी सांग काय काढलं होतंस? मी म्हटलं, आठवत नाही. त्याच्याशी बोललेलं तेवढं एकच खोटं. ते त्याला कळलं. पांघरूण वर ओढून घेतलं.

मॅडम : चांगलंच केलंत. ते वाक्य कशाला ऐकवायचं त्या माणसाला?

स्टेनो : मला तसं नाही वाटत आता. ऐकलं असतं तर हसला असता तो. 'हशा' बरोबर ठिकाणी आहे म्हणाला असता. मीच घाबरलो. आणि मग ते वाक्य चौदा वर्षं एकट्यानेच सांभाळलं. तो गेला तेव्हा बाहेर व्हरांड्यात उभा राहिलो. त्याची बहीण आली, ती रडली, तिला बायकांनी धरलं. मला कुणीतरी म्हणालं, अहो, जरा गाडीचं बघता का? मी गाडीचं बघितलं. डोळ्यांत काही आलं नाही. अजूनही नाही आलं. तेव्हा तुमचं वाक्य डोक्यात आलं. म्हटलं, बाई म्हणाल्या ते खरं झालं. मागे रडणारंसुद्धा कुणी नाही.

मॅडम : असं नका म्हणू.

स्टेनो : मी तक्रार करत नाहीये. जे झालं ते सांगतोय. अजून एक गोष्ट आहे, ती तेवढी मला टोचते. मृत्यूच्या दाखल्यावर त्याचं नाव चुकीचं लिहिलंय. एक वेलांटी. मुद्रितं तपासणाऱ्या माणसाच्या दाखल्यावर! दोनदा गेलो खिडकीवर. दुरुस्तीला रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्याची सही लागते म्हणाले. बहिणीला विचारलं, ती म्हणते, एवढ्याशा वेलांटीने काय होतंय, सोड ना.

मॅडम : मी बोलते त्या कार्यालयाशी. उद्या होईल.

स्टेनो : तुम्ही बोललात तर होईल, हे मला माहीत आहे. म्हणून सांगितलं नाही. तसं नकोय.

मॅडम : मग मी काय करू? सांगा. शिक्षा सांगा, काहीही सांगा.

स्टेनो : मला काही नकोय, मॅडम. तुम्ही 'एकही शब्द आढळत नाही' म्हणालात, आणि ते मला लिहिता येईना. बाकी काही नाही.

मॅडम : हे बघा, नीट ऐका. मला हा म्हातारा जिंकायला हवाय. आज. पुतण्याच्या वकिलाकडे सांगण्यासारखं काही नाही, मी सकाळीच ठरवलं होतं. अर्ज फेटाळायचा, खटला ऐकायचा, आणि पाचच्या आत यादीत नाव घालायचा हुकूम द्यायचा. संध्याकाळी तो त्याच्या माणसापाशी बसला असता. आता मी हे वाक्य उघड केलं आणि बाजूला झाले, तर प्रकरण शेजारच्या दालनात जाईल. तिकडचे न्यायमूर्ती तुम्हाला माहीत आहेत. अशी तीन प्रकरणं आली, तिन्ही फेटाळली. आणि तारीख मिळेल ती दोन आठवड्यांनी. पक्षाघाताच्या माणसाचे दोन आठवडे.

स्टेनो : हो.

मॅडम : म्हणजे मी खोटं लिहिलं तर त्याचं भलं होतं, आणि खरं लिहिलं तर वाटोळं. आणि तुम्ही म्हणताय बाकी काही नाही.

स्टेनो : वकीलबाई मात्र खरं विचारतायत.

मॅडम : त्या विचारतायत! तुम्ही सांगा, तुम्ही त्या बाकावर असतात तर? काय हवं असतं तुम्हाला? वाक्य की भेट?

स्टेनो : भेट.

मॅडम : झालं तर मग.

स्टेनो : पण मला कुणी विचारलं असतं तर बरं वाटलं असतं. की अशी अशी बाई आहे, तुझ्याबद्दल असं बोललीय, चालेल का तुला? मी म्हटलं असतं, चालेल, सही करा लवकर. पण मी म्हटलं असतं. आत्तापर्यंत जे काही झालं ते न विचारताच झालं. मीही त्याला न विचारताच वाक्य काढलं.

मॅडम : म्हणजे मी कोर्टात वाचून दाखवायचं, आणि म्हाताऱ्याला विचारायचं, हे ऐकूनही मी चालेन का?

स्टेनो : मी फक्त लिहून घेतो, मॅडम. मी सांगत नाही.

मॅडम : बारा वर्षांत आज पहिल्यांदा सांगितलंत आणि वर म्हणताय सांगत नाही. तो नाही म्हणाला तर?

स्टेनो : तर नाही.

मॅडम : आणि पुतण्याचा वकील? त्याला तर आयतंच मिळेल. उद्या वर्तमानपत्रात येईल. माझं येऊ दे, मी निगरगट्ट आहे. तुमचं काय? वृत्तांतात फेरफार म्हणजे चौकशी. निवृत्तीला किती राहिलं?

स्टेनो : पाच महिने.

मॅडम : पेन्शन अडकेल. कदाचित काढतीलही. नाव न घालता लिहिता येईल मला, 'अनवधानाने गळालं' असं.

स्टेनो : अनवधानाने नव्हतं ते.

मॅडम : मला माहीत आहे नव्हतं!

स्टेनो : मग तसं नको.

मॅडम : दुसऱ्या स्टेनोला बोलावू का? आजच्या दिवस तुम्ही घरी जा. हे तुम्ही लिहून घ्यावं असं मला वाटत नाही.

स्टेनो : घरी जाऊन काय करू?

मामा : मॅडम, दोन वीस झाले. वकील आत गेले. म्हाताऱ्याला म्हटलं आत चल, तर म्हणतो पिशवी कुठे ठेवू? मी ठेवून घेतलीय स्टुलाखाली. सांभाळायला म्हणून, घेतलेली नाही.

मॅडम : बरं मामा. दहा मिनिटं कुणाला सोडू नका. हं, तुम्ही घ्या लिहायला. आधीचं सगळं खोडा.

स्टेनो : खोडलं.

मॅडम : 'हा अर्ज निकाली काढण्यापूर्वी मला एक गोष्ट उघड करणं आवश्यक आहे. वृत्तांताच्या पान दोनशे बारावर माझं भाषण जिथे संपलेलं दिसतं तिथे ते संपलं नव्हतं. त्यानंतर मी पुढील वाक्य उच्चारलं.' वाक्य तुम्हाला माहीतच आहे, घालून टाका.

स्टेनो : तुम्ही सांगा, मॅडम. सांगितल्याशिवाय कसं लिहू?

मॅडम : खरंच सांगायला लावताय?

स्टेनो : पद्धत आहे.

मॅडम : 'अशा घरात कुणी गेलं तर मागे...' फार भराभर होतंय का?

स्टेनो : नाही. सांगा.

मॅडम : 'मागे रडणारंसुद्धा कुणी नसतं, अध्यक्ष महाराज. मग नातेवाईकाचा हक्क मागणार तरी कोण?'

स्टेनो : हशा घालू?

मॅडम : घाला. 'हे वाक्य मला कुणी सांगितलेलं नव्हतं. ते माझं स्वतःचं होतं आणि ते चूक होतं. संगीतशिक्षकाच्या प्रकरणात मी मुदतीचं कारण शोधलं, तेव्हाही ते माझ्या मनात नव्हतं असं मी आज छातीठोकपणे सांगू शकत नाही.' का थांबलात?

स्टेनो : थांबलो नाही. पान उलटलं.

मॅडम : 'अर्जदाराने हे वाक्य ऐकून घ्यावं आणि हा खटला मी ऐकावा की नाही ते स्वतः सांगावं. त्यांची संमती असल्यास खटला आजच ऐकला जाईल. नसल्यास मी या प्रकरणातून बाजूला होईन, आणि शुश्रूषागृहाने दुसऱ्या न्यायमूर्तींचा निकाल येईपर्यंत...' नाही, बाजूला झाल्यावर मला ते म्हणता येणार नाही. तेवढं खोडा.

स्टेनो : खोडलं.

मॅडम : लबाडी करायला गेले. आता तुमचं. 'सदर वाक्य अधिकृत वृत्तांतातून तत्कालीन लघुलेखकाने गाळलं. ते आज प्रस्तुत न्यायमूर्तींचे लघुलेखक आहेत. त्यांनी स्वतःहून ही गोष्ट सांगितली. गाळण्याचं कारण असं, की दुसऱ्या दिवशी मुद्रणालयात ते पान त्यांच्या...' आता काय म्हणू? मित्र म्हणू? सोबती? कोर्टाच्या कागदात काहीतरी म्हणावं लागेल ना?

स्टेनो : मी लिहिलं, मॅडम.

मॅडम : मी सांगायच्या आधीच? काय लिहिलंत?

स्टेनो : 'त्यांच्या घरच्या माणसाच्या हाती पडणार होतं.'

मामा : मॅडम, अडीच झाले. सगळे उभे राहिलेत आत.

मॅडम : आलेच म्हणावं. राहू द्या ते तसंच. खोडू नका.

स्टेनो : नाही खोडत.